अर्ध्या टाकीतला ओढा: घरच्या घरी रिपेरियम

फिश टँक म्हटलं की पाणी काठापर्यंत भरलेलं असणार हे आपण धरूनच चालतो. रिपेरियममध्ये पाणी जेमतेम अर्ध्यापर्यंत असतं आणि वरची जागा झाडांची, म्हणजे मुळं पाण्यात आणि पानं हवेत. मागच्या काचेला छोट्या जाळीच्या कुंड्या अडकवलेल्या असतात, त्यातून अंब्रेला पाम, पीस लिली, वेखंड असं काय काय वर आलेलं असतं आणि खाली त्यांच्या मुळांच्या जाळ्यातून गप्पी फिरत असतात. थोडक्यात ओढ्याचा काठ घरात. दिसायला हे सुंदर असतंच, पण माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पहिलाच टँक करायचाय त्याने सरळ रिपेरियमच करावं, कारण यात टाकी स्वच्छ ठेवायचं निम्मं काम झाडं करतात आणि ती ते करू शकतात कारण त्यांची पानं पाण्याबाहेर आहेत.

पाण्याखालच्या झाडाची मोठी अडचण असते कार्बन डायऑक्साइडची. हवेत तो दहा लाखात साधारण ४२० भाग असतो. पाण्यात तो अगदीच कमी असतो असंही नाही, हवेच्या संपर्कात राहून स्थिरावलेल्या एक लिटर पाण्यात तो अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि एक लिटर हवेतही एक मिलिग्रॅमपेक्षा कमीच असतो, म्हणजे साठा थोडाफार सारखाच. घोळ होतो तो पोचण्यात. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू पानाने वापरला की मागून नवीन यायला वेळ लागतो आणि झाड भर उजेडातसुद्धा उपाशी बसतं. म्हणून तर हौशी लोक पाण्याखालच्या बागेसाठी सिलेंडर, रेग्युलेटर, डिफ्यूझर एवढा सगळा खर्च करतात. पान हवेत काढलं की तो प्रश्नच संपला, हवा फुकट आहे, हलती आहे, आणि वर लाईटही पाण्यातून गाळून यायची गरज नाही. झाड जोरात वाढतं, आणि वाढायला त्याला नायट्रोजन लागतो, जो त्याला मुळांवाटे माशांच्या घाणीतूनच घ्यावा लागतो. सगळा खेळ एवढाच.

हे किती मोठं काम आहे ते आकड्यात बघा, कारण आकडा बघितल्याशिवाय ते पटत नाही. माशांच्या चांगल्या फूडमध्ये साधारण ४० टक्के प्रोटीन असतं आणि प्रोटीनच्या वजनात १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १ ग्रॅम फूडमधून टाकीत येतो सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. थोडा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा बराचसा कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर पडतो. समजा सगळाच पाण्यात गेला आणि शेवटी टाकीतल्या बॅक्टेरियांनी त्याचं नायट्रेट केलं, तर ३० लिटरच्या टाकीत प्रत्येक ग्रॅम फूडमागे नायट्रेट लिटरला नऊ-साडेनऊ मिलिग्रॅमने वाढेल. आता झाडाच्या बाजूने हिशोब. वाळलेल्या पानात साधारण ३ टक्के नायट्रोजन धरला तर ते ६४ मिलिग्रॅम मावतात २ ग्रॅम वाळलेल्या पानात, आणि ओल्या पानात ९० टक्के पाणीच असतं म्हणून ओलं वजन झालं वीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तुम्ही १ ग्रॅम फूड टाकलंत आणि कालांतराने मूठभर पानं कात्रीने कापून टाकीबाहेर काढलीत की हिशोब चुकता. कटिंग हीच खरी सफाई. फिल्टर अमोनियाचं रूप बदलतो पण नायट्रोजन टाकीतच राहतो, बाहेर काढतो तो एक तर तुम्ही पाणी बदलून किंवा झाड पानं वाढवून.

पण मग कुठलंही झाड उचलून पाण्यात ठेवलं तर चालेल का? नाही, आणि याचं कारण बघायला स्वयंपाकघरात जावं. अळूचं फदफदं करताना देठ सोलून आडवं कापा आणि उजेडात धरून बघा, आत स्पंजसारखी भोकं दिसतील, कमळकाकडीत तर ती एवढी मोठी असतात की भाजीतसुद्धा चकत्या ओळखू येतात. या हवेच्या नळ्या आहेत. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि मुळांना तर श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे पाणथळ झाडं वरची हवा या नळ्यांतून थेट मुळापर्यंत नेतात. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेरही झिरपतो, भाताचं रोप उपटल्यावर मुळांवर जो गंजासारखा तांबूस थर दिसतो तो त्यामुळेच, चिखलातल्या लोहाला तिथे ऑक्सिजन मिळून ते खरंच गंजलेलं असतं. ज्या झाडांत अशी सोय आधीपासून आहे किंवा जी ती पटकन करू शकतात ती रिपेरियममध्ये टिकतात. पटकन करणं म्हणजे काय, तर मक्याच्या मुळांवर हे छान अभ्यासलं गेलंय: मूळ पाण्यात बुडलं की त्यातला इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही, आतच साठतो आणि त्याच्या इशाऱ्यावर मुळाच्या सालीतल्या काही पेशी मरून जागा मोकळी करतात, तीच हवेची वाट. कॅक्टस, कोरफड, जेड यांना हे जमत नाही, ती सडतात आणि सडताना पाणीही खराब करतात.

आपल्याकडे कुठली झाडं लावायची हे ठरवायला सगळ्यात चांगली शाळा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला सह्याद्रीतला कुठलाही ओढा, पाणी ओसरून निवळ झालेलं असतं आणि काठ हिरवागार असतो. लव्हाळे असतात, केना असतो, जमिनीलगत पसरलेली ब्राह्मी असते, उथळ पाण्यात आंबुली, सावलीच्या ओल्या जागी रानअळू, आणि मोठ्या नदीकाठी वाळुंज. पश्चिम घाटात क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर अशा आहेत की पावसाळाभर पाण्याखाली राहतात आणि पाणी उतरलं की हवेत येऊन फुलतात. एकच झाड पाण्याखाली वेगळी पानं काढतं आणि हवेत वेगळी, पाण्याखालची पातळ, नाजूक, वरची मेणचट थर असलेली. दुकानात मिळणारी बरीचशी "पाण्यातली" झाडंसुद्धा खरं तर नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, म्हणून ती टँकमध्ये बुडवल्यावर जुनी पानं विरघळल्यासारखी गळतात आणि लोक घाबरतात. रिपेरियममध्ये त्यांना वरच राहू द्यायचं असल्यामुळे तो प्रकारच होत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, ओढ्यावरून झाडं उपटून आणू नका. घाटातल्या पाणवनस्पतींच्या काही जाती इतक्या थोड्या जागी उरल्यात की चार हौशी माणसांनी एकेक गड्डा नेला तरी ती जागा संपू शकते. बघून या, फोटो काढा आणि झाड नर्सरीतून घ्या.

नर्सरीत काय मागायचं? अंब्रेला पाम, म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच परदेशी भाऊ, तो घ्याच, टाकीला उंची देतो आणि मुळं जबरदस्त. पीस लिली कमी उजेडातही चालते, फक्त तिचा गाभा, जिथून पानं फुटतात तो भाग, पाण्याच्या वर ठेवायचा. वेखंड तर काठाचंच झाड. मनीप्लांट आणि सिंगोनियम फांदी खोचली तरी लागतात. स्पायडर प्लांट चालतो. ब्राह्मी म्हणून नर्सरीत दोन वेगळी झाडं मिळतात, एक जाडसर बारीक पानांची जलब्राह्मी आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, दोन्ही पाण्याच्या कडेला खूष असतात त्यामुळे कुठलंही मिळालं तरी बिनधास्त घ्या, दोन्ही काठावरून खाली लोंबतात आणि कुंड्या झाकतात. पुदिना लागतो पण लाईट चांगला हवा. नाळीची भाजी नायट्रेट इतकं खेचते की विचारू नका, पण छोट्या टाकीत ती बाकी कोणाला जागाच ठेवत नाही. अळू, मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूने घसा खवखवतो तोच प्रकार, माशांना त्याचा त्रास होत नाही पण घरात पानं चघळणारं मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर टाकी उंचावर ठेवा.

आणलेलं झाड थेट टाकीत लावू नका. नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असतं, काही औषधं झाडाच्या रसात मुरलेली असतात आणि ती श्रिम्पला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. मुळांची माती नळाखाली पूर्ण धुवायची, एकही ढेकूळ ठेवायचं नाही, आणि दोन-तीन आठवडे बादलीत साध्या पाण्यात ठेवून ते पाणी अधूनमधून बदलायचं. या काळात मातीतली जुनी मुळं काही मरतात, एक-दोन पानं पिवळी पडतात, आणि मग पांढरी, जाड, कमी फांद्यांची नवीन मुळं फुटतात. ती पाण्याची मुळं. ती दिसली की झाड तयार.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी साधी टाकी पुरते, लोकल काचवाला करून देतो किंवा मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटला तयार मिळते. त्यात २० सेंटिमीटर पाणी म्हणजे ३६ लिटर, वाळू-दगडांची जागा वजा करून तीसेक लिटर धरा. सगळं मिळून पन्नास किलोच्या वर वजन जातं, तेव्हा हलक्या फळीवर ठेवू नका. पाणी अर्धंच असण्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण भरलेल्या टाकीएवढाच राहतो पण पाणी निम्मं, म्हणजे प्रत्येक लिटरमागे हवेशी संपर्क दुप्पट. २५ अंशाला पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या थोडाच वर ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशाला साडेसातच, आपल्या उन्हाळ्यात हा दुप्पट संपर्क कामाला येतो.

कुंड्यांसाठी हायड्रोपोनिक्सवाल्यांचे नेटपॉट किंवा भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा साबण ठेवायचा स्टँड, दोन्ही चालतात. सक्शन कप काही महिन्यांत कडक होऊन सुटतात आणि रात्री धप्पकन कुंडी पाण्यात, म्हणून काठावर अडकणारे अॅक्रिलिकचे हूक किंवा अॅक्वेरियमच्या सिलिकॉनने चिकटवलेली पट्टी बरी. तांबं, पितळ, गॅल्व्हनाइज्ड जाळी यातलं काही वापरायचं नाही, तांबं आणि जस्त पाण्यात उतरतं आणि श्रिम्प-गोगलगायींना घातक असतं. आत माती किंवा कोकोपीट नको, ते कुजून मुळांचा श्वास बंद करतं, क्ले बॉल्स म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या घाला नाहीतर भाजलेल्या लाल विटेचे सुपारीएवढे तुकडे, विटेला बारीक छिद्रं असतात, पाणी वर चढतं आणि बॅक्टेरियाला घर मिळतं. कुंडीचा खालचा एक तृतीयांश भाग पाण्यात, बाकी वर.

दगड आपल्या मातीतलाच घ्या, काळा बेसाल्ट. दख्खनचा बराचसा भाग यावरच उभा आहे आणि तो पाण्यात काही सोडत नाही. फक्त त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक असतात, काही झिओलाइटचे, ते निरुपद्रवी, पण काही कॅल्साइटचे, आणि कॅल्साइट हळूहळू विरघळून पाणी जड करतं. लिंबाचा रस त्यावर टाकून बघायचा, बुडबुडे आले तर तो दगड बागेत. संगमरवराची पांढरी खडी दुकानात हमखास गळ्यात मारतात, तिचीही हीच परीक्षा घ्या. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मऊ असतं, मराठवाड्यात बोअरचं पाणी बऱ्याचदा मुळातच जड असतं, तिथे अजून खडी घालून भर कशाला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की उडून जातो, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब.

एक छोटा पंप किंवा इंटर्नल फिल्टर कोपऱ्यात असा लावायचा की पाणी मागच्या काचेलगत मुळांच्या ओळीतून जाईल, जेवढं पाणी मुळांवरून जाईल तेवढं शोषण जास्त. वायर भिंतीतल्या बोर्डाला लावण्याआधी तिला बोर्डाच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खाली जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. लाईट साधा पांढरा एलईडी, दिवसाला सात-आठ तास. थेट ऊन टाळा, शेवाळ आणि गरम पाणी दोन्ही एकदम मिळतं.

यानंतर थांबायचं, आणि हाच टप्पा लोकांना जमत नाही. टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वसायला वेळ लागतो. ही दोन टप्प्यांची साखळी विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडली आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं सगळे असंच मानत होते की पहिला टप्पा एक जात करते, दुसरा दुसरी. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की नायट्रोस्पायरा नावाच्या कुळात असेही बॅक्टेरिया आहेत जे दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करतात, आणि त्यातला एक सापडला होता नेदरलँड्समध्ये मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये! आपल्या हॉलमधल्या स्पंजमध्येही त्यांचे भाऊबंद असू शकतात ही कल्पना मला फार आवडते.

तर झाडं लावा, पंप चालू करा, चिमूटभर फूड टाकून कुजू द्या आणि चार ते सहा आठवडे टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघत राहा. ओळखीच्या कोणाच्या जुन्या निरोगी टँकमधला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. मुळं लागलेली झाडं असतील तर अमोनियाचा आकडा फार वर जातच नाही, कारण बऱ्याच झाडांना नायट्रेटपेक्षा अमोनियमच सोयीचं पडतं, नायट्रेट वापरायला आधी त्याचं परत अमोनियम करावं लागतं आणि त्यात ऊर्जा जाते. पीएचवरही लक्ष असू द्या. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, २५ अंशाला पीएच ७ असेल तर त्यातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे किटवर आकडा तोच दिसतो आणि विष दहा पट होतं.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले की मासे. तीस लिटरमध्ये सहा-आठ गप्पी, किंवा एखादा फायटर, आणि थोडे चेरी श्रिम्प, बस. गोल्डफिश नको, सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, तर अजिबात नको, तो फूटभर वाढतो. मासे सोडल्यावर एक संध्याकाळ नुसतं मुळांकडे बघत बसा. बारीक मुळांवर तपकिरी गाळ धरलेला असतो, श्रिम्प तो दोन इवल्याशा चिमट्यांनी आळीपाळीने तोंडात टाकत असतात, आणि गप्पीची पिल्लं मोठ्यांपासून लपून तिथेच वाढतात. सकाळी लाईट लागायच्या आधी बघितलंत तर अळूच्या किंवा मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला एक थेंब लटकलेला दिसेल. ते दव नव्हे, रात्री पानांतून बाष्प कमी जातं पण मुळं पाणी वर ढकलतच राहतात, तो दाब पानाच्या कडेच्या छिद्रांतून असा थेंब होऊन बाहेर येतो.

डासांचं काय, हा प्रश्न घरातून पहिला येतो आणि तो रास्तच आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. टाकीत मासे असतील तर अळ्या एक दिवस टिकत नाहीत, आरोग्य खातं गप्पी मासे वाटतं ते काही उगाच नाही. धोका आहे तो माशांना पोचता येत नाही अशा पाण्याचा: बंद बुडाची कुंडी, झाडं ठेवलेली बादली, बाजूला ठेवलेला मग. बादलीला पातळ कापड बांधा किंवा तिचं पाणी दर चार दिवसांनी पूर्ण ओता.

उघड्या टाकीतून आणि पानांतून मिळून पाणी भराभर उडतं, एप्रिल-मेमध्ये तर रोज पातळी उतरलेली दिसते. यात फायदाही आहे, एअर कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथे होतं, उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं आणि टाकी खोलीपेक्षा थोडी थंड राहते, अर्थात विदर्भात जास्त आणि कोकणात दमट हवेमुळे कमी. पण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून नुसती भर घालत राहिलात तर महिन्यागणिक पाणी जड होत जातं. भर आरओच्या शुद्ध पाण्याची घाला, आरओच्या वेस्टच्या नळीचं पाणी चुकूनही नको, त्यात तर क्षार एकवटलेले असतात, आणि पंधरा दिवसांनी पाव टाकी पाणी बदला.

एवढं करूनही झाडं पिवळी दिसली तर कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. फूडमधून नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर येतं पण पोटॅशियम आणि लोह बहुतेक वेळा कमी पडतं. लोह झाडाला जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही, म्हणून लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. पोटॅशियम देता येतं, म्हणून ते कमी पडलं की आधी जुन्या पानांच्या कडा करपतात, भोकं पडतात. अॅक्वेरियमचं लिक्विड खत बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या मात्रेने सुरू करा, बागेचा युरिया वगैरे नको. मावा पडला तर फवारा मारू नका, बोटाने पाण्यात ढकला, गप्पी तो आवडीने खातात.

आणि कापलेल्या फांद्या, जास्त झालेले मासे, यातलं काहीही नाल्यात, नदीत, तळ्यात टाकायचं नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून जगभर गेली आणि आज मुळा-मुठा, पंचगंगा तिने झाकल्या जातात. उजनीच्या जाळ्यांत स्थानिक माशांच्या जागी सकर येतो, तोही अॅक्वेरियममधूनच सुटलेला. गप्पीसुद्धा मूळचा आपला नाही. मासे जास्त झाले तर दुकानात परत द्या किंवा हौशी मित्राला द्या, आणि कटिंग उन्हात कडक वाळवून मगच कंपोस्टमध्ये टाका, मनीप्लांट आणि केना तर अर्धवट ओल्या कंपोस्टमध्येही पेरापेराला फुटतात.